टॅलीप्राइमची एंट्री स्क्रीन: दिवसभर बिलं मारणाऱ्यांसाठी रिव्ह्यू

टॅली ह्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरबद्दल (टॅलीप्राइम हे त्याचं सध्याचं रूप) जे काही वाचायला मिळतं ते बहुतेक रिपोर्टबद्दल असतं, जीएसटी, ई-वे बिल, बॅलन्स शीट एका बटणावर वगैरे. ते सगळं आकडे आत गेल्यानंतरचं. आकडे आत घालतं कोण, तर आमच्यासारखी माणसं, आणि आमचा अख्खा दिवस व्हाउचर एंट्रीच्या, म्हणजे एकेक व्यवहार नोंदवायच्या, स्क्रीनवर जातो, म्हणून हा रिव्ह्यू फक्त त्या स्क्रीनचा. मी सांगलीत एका कर सल्लागारांच्या ऑफिसात जमाखर्चाचं काम बघते. हार्डवेअरवाले, किराणा होलसेल, खतं-औषधं, मशिनरी स्पेअर, सगळ्या प्रकारच्या पार्ट्या आहेत आणि बहुतेकजण महिन्याची बिलं पिशवीत भरून आणून देतात, त्यात थर्मल पेपरवरची अर्धी पुसलेली, कार्बन कॉपी, व्हॉट्सॅपवर आलेल्या फोटोची प्रिंट, सगळंच असतं. दर महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरणपत्र) आणि २० तारखेला ३बी (गोषवारा आणि कराचा भरणा), त्यामुळे वेगाला महत्त्व आहे, पण चुकीच्या वेगाला काडीची किंमत नाही.

आधी माझं मत सांगते मग कारणं. टॅलीची एंट्री स्क्रीन आजही आपल्याकडच्या कुठल्याही अकाउंटिंग सॉफ्टवेअरपेक्षा चांगली आहे असं मला वाटतं, आणि त्याचं कारण एकच, ती बनवणाऱ्याला हे कळलंय की एंट्री करणाऱ्याची नजर बिलावर असते, स्क्रीनवर नसते. बाकी सगळे स्क्रीन बनवणारे धरून चालतात की माणूस मॉनिटरकडे बघत बसलाय. अहो आमच्या डाव्या हाताखाली बिलांचा गठ्ठा असतो, उजवा हात नंबरपॅडवर असतो, आणि मान सारखी वरखाली केली तर संध्याकाळपर्यंत मानेचं काय होतं ते विचारा.

आता प्रत्यक्ष एक बिल घेऊन सांगते म्हणजे कळेल. समजा हार्डवेअरवाल्याचं खरेदीचं बिल आहे, पाच आयटम. गेटवेवरून (टॅलीचा पहिला मेनू) व्ही, मग एफ९, खरेदी व्हाउचर उघडलं. एफ२ दाबून तारीख, तिथे पूर्ण तारीख लिहायची गरज नाही, नुसतं ५ टाइप करून एंटर मारलं की चालू महिन्याची ५ तारीख, ५-४ टाकलं की वर्ष तो लावून घेतो. मधे डॅश टाका नाहीतर स्लॅश, नंबरपॅडवर जे बोटाला सापडेल ते टाका, तो मुकाट्याने घेतो. मग सप्लायरचा इनव्हॉइस नंबर, त्याची तारीख, पार्टीचं नाव. नावाची पहिली चारदोन अक्षरं टाकली की बाजूची यादी आपोआप गळत जाते, नाव वर आलं की एंटर. मग खरेदीचं लेजर म्हणजे खातं, मग आयटम, नग, दर, रक्कम स्वतः येते, पुढचा आयटम. आयटम संपले की एंटर मारून खाली, सीजीएसटी, एसजीएसटी (जीएसटीतला केंद्राचा आणि राज्याचा हिस्सा) लेजर निवडलं की टॅक्सची रक्कम तोच काढतो, राउंड ऑफ, शेवटी नॅरेशन (व्यवहाराची छोटी टीप) आणि ॲक्सेप्ट.

ह्यात बघण्यासारखी गोष्ट म्हणजे रकान्यांचा क्रम. बिल नंबर, तारीख, पार्टी, माल, टॅक्स, एकूण. कागदावरचं बिल पण ढोबळमानाने वरून खाली असंच छापलेलं असतं. म्हणजे बोट बिलावर वरून खाली सरकतं आणि कर्सर पण त्याच क्रमाने सरकतो, कुठे उलटं जावं लागत नाही. आणि सगळ्यात शेवटी खाली एकूण रक्कम दिसते, तिथे पहिल्यांदा मान वर करायची, बिलावरच्या टोटलशी जुळली की एंटर. पूर्ण बिलात एकदाच स्क्रीनकडे नीट बघायचं आणि तेही योग्य जागी. ही जागा ज्याने ठरवली त्याला खरंच मानलं पाहिजे.

मला हे ठळकपणे कधी जाणवलं तर एका पार्टीच्या मुलाने हौसेने एक क्लाउडवालं ॲप घेतलं तेव्हा. दिसायला सुंदर, पांढरंशुभ्र, मोठमोठे रकाने, गोल कोपरे. पण तारखेला कॅलेंडर उघडतं आणि माऊसने महिना मागे न्यायचा, म्हणजे मार्चचं बिल जूनमध्ये मारायचं तर प्रत्येक बिलाला तीन क्लिक आणि मग तारखेवर चौथी. टॅब दाबला की कर्सर दरानंतर डिस्काउंटवर, तिथून खात्याच्या ड्रॉपडाउनवर, तिथून उडून कुठल्यातरी मदतीच्या प्रश्नचिन्हावर. पार्टीचं नाव टाइप केलं की नेटवरून यादी येईपर्यंत गोल फिरतं, आपण घाईत एंटर मारला की आधीची पहिली पार्टी बसते. आणि सेव्ह केलं की बिलांच्या यादीवर परत जातं, पुढचं बिल मारायला पुन्हा "न्यू" शोधा. ज्याला दिवसाला दोन बिलं करायची आहेत त्या दुकानदाराला हे छान आहे, मी नाही म्हणत नाही. गठ्ठा घेऊन बसलेल्या माणसाला हे जमत नाही. टॅलीत ॲक्सेप्ट केलं की पुढचं कोरं व्हाउचर समोर, तारीख मागचीच. किती साधी गोष्ट, पण दिवसाअखेर त्याचाच फरक पडतो.

मागचीच तारीख राहते ह्याचा फायदा पण आहे आणि धोका पण. बिलं आधी तारीखवार लावून घेतली तर एफ२ क्वचितच लागतो, हात सुटतो. न लावता बसलं तर तारीख बदलायची राहून जाते आणि स्क्रीन काही बोलत नाही, कारण तारीख वैध असते, फक्त ह्या बिलाची नसते. आमच्याकडे क्लासमधून नवीन येणाऱ्या पोरांना हे विशेष सांगावं लागतं. क्लासमध्ये एज्युकेशनल मोड (लायसन्सशिवाय शिकण्यासाठीचा) असतो, त्यात महिन्याची १, २ आणि ३१ तारीखच चालते, त्यामुळे सगळा सराव १ तारखेवर झालेला असतो आणि एफ२ ची सवय बोटाला लागलेलीच नसते. क्लासवाल्यांनी निदान शेवटच्या आठवड्यात तरी खऱ्या बिलांचा गठ्ठा मुलांसमोर ठेवावा असं मला मनापासून वाटतं.

थोडं मागचं सांगते कारण त्याचा स्क्रीनशी संबंध आहे. श्यामसुंदर गोएंका आणि त्यांचा मुलगा भारत गोएंका यांनी १९८६ साली बंगळुरात हे सुरू केलं, तेव्हा कंपनीचं नाव प्युट्रॉनिक्स होतं. वडिलांचा गिरण्यांना माल आणि मशिनरीचे पार्ट पुरवायचा धंदा, त्यांना स्वतःच्या वह्यांसाठी मनासारखं सॉफ्टवेअर मिळेना म्हणून मुलाला सांगितलं. त्या काळी अकाउंटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक खात्याला कोड असायचा, म्हणजे अमुक पार्टीचा नंबर अमुक, तो पाठ करा नाहीतर छापील यादीत शोधा. टॅलीने कोडच काढून टाकला, सरळ नावाने खातं. वहीत जसं आपण लिहितो तसं. आज आपल्याला ह्यात काही विशेष वाटत नाही, पण मुनीम लोकांनी कॉम्प्युटर स्वीकारला त्यात ह्या एका गोष्टीचा मोठा वाटा आहे असं माझं मत आहे. २०२० च्या नोव्हेंबरात टॅलीप्राइम आलं, मेनू बदलले, रंग बदलले, गो टू (हवी ती स्क्रीन शोधायची सोय) आलं, पण एफ४ कॉन्ट्रा (रोख आणि बँक यांच्यातली देवघेव), एफ५ पेमेंट, एफ६ रिसीट, एफ७ जर्नल, एफ८ सेल्स, एफ९ परचेस हे त्यांनी हलवलं नाही. लाखो लोकांच्या बोटात बसलेली सवय आहे ती, ती हलवली असती तर गोंधळ झाला असता. नवीन व्हर्जन काढताना कशाला हात लावायचा नाही हे कळणं ही पण डिझाइनचीच अक्कल आहे.

ऑल्ट सी बद्दल वेगळं लिहायलाच पाहिजे. एंट्रीच्या मधे कळलं की ही पार्टी नवीन आहे, खातं उघडलेलं नाही, तर व्हाउचर तसंच ठेवून ऑल्ट सी, तिथल्या तिथे लेजर उघडा, सेव्ह करा, परत त्याच रकान्यात. भरलेलं काही जात नाही. हे नसतं तर अर्धं बिल टाकून मागे जा, खातं काढा, परत पहिल्यापासून. काही सरकारी पोर्टलवर आजही तेच आहे, मधेच सेशन संपतं आणि भरलेले पाच पानं माहिती गायब. माणसाने टाइप केलेलं आहे ते त्याच्या मेहनतीचं आहे, ते पुसायचा हक्क स्क्रीनला नाही, निदान ड्राफ्ट तरी ठेवा ना.

रिसीटच्या स्क्रीनमध्ये बिल-वाइजचा, म्हणजे बिलागणिक हिशेबाचा, जो प्रकार आहे तो मला सगळ्यात जास्त आवडतो. पार्टीकडून पैसे आले, एफ६, पार्टी निवडली, रक्कम टाकली, की विचारतो हे कशापोटी, न्यू रेफ (नवी नोंद), अगेन्स्ट रेफ (जुन्या बिलापोटी), ॲडव्हान्स की ऑन अकाउंट (कुठल्याच बिलाला न जोडता). अगेन्स्ट रेफ घेतलं की त्या पार्टीची बाकी असलेली बिलं तारीख आणि रकमेसह समोर. बिल नंबर टाइपच करायचा नाही, निवडायचा. जी माहिती आत आहे ती माणसाकडून परत टाइप करून घ्यायची नाही, हा नियम इथे इतका नीट पाळलाय की बिल नंबर चुकायचा प्रश्नच येत नाही.

आता जीएसटी नंबरचं. १५ अक्षरं, आणि पुसलेल्या बिलावरून वाचायची. शून्य की ओ, एक की आय, पाच की एस, आठ की बी. पण ह्या नंबरला स्वतःचा सांगाडा आहे: पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्र २७, गोवा ३०, कर्नाटक २९. पुढची दहा म्हणजे पॅन, त्यात आधी पाच अक्षरं, मग चार आकडे, मग एक अक्षर. तेरावा आकडा त्याच पॅनवर त्या राज्यातली कितवी नोंदणी ते, चौदावं बहुतेक झेड, आणि पंधरावं तपासणीचं, म्हणजे आधीच्या चौदांवरून गणित करून आलेलं. ह्याचा अर्थ काय, तर तिसऱ्या जागेवर शून्य येऊच शकत नाही, तिथे ओच असणार. आठव्या जागेवर ओ येऊ शकत नाही, तिथे शून्यच. स्क्रीनला हे माहीत असेल तर तिने माणसाला सांगायला पाहिजे की कुठल्या जागी गडबड आहे. नुसतं "इनव्हॅलिड" म्हणून लाल पट्टी दाखवली की आम्ही पंधराच्या पंधरा अक्षरं परत वाचत बसतो. एका पोर्टलवर तर व्हॉट्सॅपवरून कॉपी केलेल्या नंबराच्या शेवटी एक स्पेस आली म्हणून नंबर चुकीचा ठरवतात, अहो ती स्पेस तुम्ही काढा की, प्रोग्राममध्ये एका ओळीचं काम आहे. टॅलीच्या नव्या व्हर्जनमध्ये नेट चालू असेल तर नंबर टाकून पार्टीचं नाव पत्ता ओढून आणता येतो, ती सोय फार उपयोगाची आहे, नाव पत्ता टाइप करायचा वेळ वाचतो आणि मुख्य म्हणजे नंबर खरा आहे का ते तिथेच कळतं.

राज्याचा मुद्दा आमच्या भागात जास्तच येतो कारण कर्नाटकची हद्द जवळ, बेळगाव, निपाणी, अथणीकडच्या पार्ट्या असतात. २९ दिसला की आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या व्यवहारावरचा), २७ असला की सीजीएसटी-एसजीएसटी. लेजरमध्ये राज्य बरोबर असेल तरच पुढचा टॅक्स बरोबर येतो, म्हणून लेजर उघडताना दोन मिनिटं जास्त गेली तरी चालतील पण तिथे घाई नको.

एवढं कौतुक केलं, आता जे खटकतं ते. पहिलं म्हणजे मधे येणाऱ्या खिडक्या. पार्टी निवडली की पार्टी डिटेल्सची एक खिडकी, डिस्पॅचची माहिती, ऑर्डर नंबर, गाडी नंबर, एंटर एंटर एंटर. ज्याला हे लागत नाही त्याने एफ१२ मध्ये, म्हणजे सेटिंगमध्ये, जाऊन बंद करायचं, एफ१२ ताकदवान आहे, नको ते रकाने घालवता येतात, पण हे नवीन माणसाला कोण सांगणार? कितीतरी दुकानांत मी बघितलंय, वर्षानुवर्षं लोक रिकाम्या रकान्यांवरून एंटर मारत जातात कारण त्यांना वाटतं असंच असतं. इन्स्टॉल करताना धंद्याचा प्रकार विचारून त्याप्रमाणे रकाने लावून द्यायला काय हरकत आहे. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, कंट्रोल ए दाबलं की जिथे असाल तिथून व्हाउचर किंवा ती खिडकी सेव्ह होते, उरलेले रकाने पार करत बसायची गरज नाही. आणि तेच नॅरेशन परत हवं असेल तर कंट्रोल आर.

दुसरं, धोक्याचे इशारे मुळातच चालू असायला हवेत. कॅश निगेटिव्ह जात असेल, स्टॉक निगेटिव्ह जात असेल तर इशारा देण्याची सोय आहे पण सेटिंगमध्ये, कोणीतरी बंद केलेलं असलं की मार्चएंडला कळतं. हाताने नंबर देताय तर व्हाउचर टाइपमध्ये "प्रिव्हेंट डुप्लिकेट्स" आहे, ते पण आपणच आठवणीने चालू करायचं.

तिसरं आणि माझ्या दृष्टीने मोठं, चुकीचा आकडा पकडायची पद्धत. टॅलीत ट्रायल बॅलन्स (सगळ्या खात्यांच्या डेबिट-क्रेडिट बाकींचा तक्ता) कायम जुळतो, डेबिट-क्रेडिट जुळल्याशिवाय तो व्हाउचर घेतच नाही. त्यामुळे माणसाला वाटतं सगळं बरोबर आहे. पण ४,९५० चं बिल ४,५९० मारलं तर दोन्ही बाजूला ४,५९० जातात आणि ट्रायल ठणठणीत. ही चूक कळते ती पुढच्या महिन्याच्या १४ तारखेला जीएसटीआर-२बी (सप्लायरांनी भरलेल्या बिलांची पोर्टलवरची यादी) आला की, नाहीतर बँकेचं रिकन्सिलिएशन (बँकेच्या स्टेटमेंटशी ताळा) करताना. फरक ३६०, नऊने भाग जातो, म्हणजे बहुतेक आकड्यांची अदलाबदल, जुन्या मुनिमांना हे तोंडपाठ असायचं आणि आजही तेच कामी येतं. पूर्वी पंच कार्डच्या जमान्यात तर एकाने मारलेलं दुसऱ्याने पुन्हा मारून ताडून बघायची पद्धतच होती, मशीन फरक दाखवायचं. आपल्याला ते परवडत नाही, पण साधा उपाय आहे, गठ्ठ्यातल्या बिलांची बेरीज आधी कॅल्क्युलेटरवर करून वरच्या बिलाला पिनने लावून ठेवायची आणि गठ्ठा संपला की परचेस रजिस्टरच्या टोटलशी ताडायची. मला मनापासून वाटतं की ही सोय टॅलीच्या स्क्रीनमध्येच पाहिजे, गठ्ठा सुरू करताना बिलांची संख्या आणि बेरीज टाका, संपल्यावर तो सांगेल किती फरक आहे. चुकीचा आकडा त्याच दिवशी सापडला तर बिल हातात असतं, महिन्याने सापडला तर पिशवी शोधा.

दुरुस्तीची सोय मात्र उत्तम, कुठल्याही रिपोर्टमधल्या ओळीवर एंटर मारत गेलं की थेट मूळ व्हाउचर उघडतं, शोधाशोध नाही. आणि १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना ऑडिट ट्रेल सक्तीचा झाल्यावर एडिट लॉगमध्ये कोणी कधी काय बदललं ते राहतं. काहीजण ह्याला घाबरतात, मी म्हणते उलट चांगलं आहे, एंट्री करणाऱ्यावर उगाच आळ येत नाही.

बारीकसारीक अजून: रक्कम १,२५,००० अशी लाख-हजारात दिसते, बाहेरच्या काही ॲपमध्ये १२५,००० दिसतं आणि शून्यं मोजत बसावं लागतं. मालाचं युनिट दोन प्रकारे ठेवता येतं, सळई किलोने येते नगाने जाते, तिथे अल्टरनेट युनिट कामाला येतं. विंडोजशिवाय चालत नाही हे घेण्याआधी लक्षात ठेवा. लॅपटॉपवर एंट्री करणार असाल तर वेगळा नंबरपॅड घ्याच, पाचच्या बटणावर तो छोटा उंचवटा असतो त्यावर मधलं बोट ठेवलं की न बघता आकडे पडतात, ह्या सॉफ्टवेअरचा निम्मा फायदा त्यात आहे.

पाचपैकी साडेचार देते. जो अर्धा कापला तो एका गोष्टीसाठी जास्त करून, डबल खाती. ऑल्ट सी इतकं सोपं आहे की नाव यादीत दिसलं नाही की लगेच नवीन खातं निघतं. तंतोतंत तेच नाव तो दुसऱ्यांदा घेत नाही, पण इंग्रजीत लिहिताना श्रीला कोणी मधे एच लावतं, कोणी लावत नाही, कोणी शेवटी डबल ई करतं, कोणी ट्रेडर्सच्या जागी ट्रेडिंग लिहितं, आणि एकाच पार्टीची तीन खाती होऊन बसतात, एकात येणं एकात देणं. आमच्या ऑफिसात त्यासाठी ठरवलंय की प्रत्येक पार्टीच्या लेजरला एलियसमध्ये (खात्याचं दुसरं नाव) जीएसटी नंबर टाकायचाच, मग एंट्री करताना नावाऐवजी नंबर मारला तरी तीच पार्टी येते, आणि बिलावर नाव कसंही छापलेलं असू दे, नंबर एकच असतो. ज्यांच्याकडे नंबर नाही अशा छोट्या पार्ट्यांना एलियसमध्ये गाव आणि मोबाईलचे शेवटचे चार आकडे टाकतो. हे पहिल्या दिवसापासून करा, दोनशे पार्ट्या झाल्यावर करायला बसलात तर आठवडा जातो.